अजिंठ्याच्या रंगात सरस सापडला? आधी या चुका तपासा

अजिंठ्याच्या चित्राचा मोहरीहूनही बारीक खपला कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरा. तळाशी तूस आणि गवताचे तंतू मिसळलेला तपकिरी मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ पांढरा हात, मग रंग, आणि सगळ्यांत वर मधासारखा पिवळट, चकाकणारा थर. हा वरचा थर पाचव्या शतकातला नाही. एकोणिसाव्या शतकात नकला करणाऱ्यांनी रंग उठून दिसावेत म्हणून वॉर्निश फासले. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने बोलावलेल्या लोरेन्झो चेकोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांनी सुटलेले रंग धरून ठेवण्यासाठी लाख वापरली. पुढे पॉलिव्हिनाइल ॲसिटेट या कृत्रिम चिकट पदार्थाचेही हात बसले. ही चित्रे तपासताना होणाऱ्या बहुतेक चुका इथून सुरू होतात.

वरचा लेप मूळ बंधक (रंग धरून ठेवणारा पदार्थ) समजणे

इन्फ्रारेड वर्णपटात, म्हणजे पदार्थ कोणते अवरक्त किरण शोषतो हे दाखवणाऱ्या आलेखात, १७१५ ते १७४० (एकक: प्रति सेंटिमीटर) च्या पट्ट्यात ठळक शिखर दिसले की ‘तेल वापरले होते’ असे लिहून टाकण्याचा मोह होतो. लाख, पॉलिव्हिनाइल ॲसिटेट आणि तेल या तिघांचीही शिखरे तिथेच येतात. म्हणून नमुना घेण्याआधी भिंतीवर ३६५ नॅनोमीटरचा अतिनील दिवा फिरवा. विरंजन न केलेली लाख नारिंगी झळकते. तो भाग नकाशावर आखून घ्या आणि शक्यतो त्याबाहेरचा नमुना निवडा. तसा भाग मिळालाच नाही, तर खरवड आधी इथेनॉलमध्ये भिजवून तो अर्क वेगळा ठेवा, मग उरलेला भाग तपासा. जुनी लाख पूर्ण सुटत नाही, त्यामुळे अर्कात लाखेची खूण असलेले ॲल्युरिटिक आम्ल मिळते का हे वायू-वर्णलेखन आणि वस्तुमान-वर्णपटाच्या यंत्रावर पाहा. ते मिळाले तर लाख आहेच.

१६४० चे शिखर म्हणजे प्रथिन, असे मानणे

ही चूक सर्रास होते. सरसातल्या प्रथिनाची शिखरे १६५० आणि १५५० च्या आसपास येतात, पण मातीत अडकलेले पाणी १६४० च्या जवळ आणि ऑक्झलेट व जिप्सम १६२० च्या जवळ शिखर देतात. १५५० चे शिखर सोबत नसेल तर सरसाचे नाव घेऊ नका. असले, तरी ते फक्त प्रथिन आहे. कशाचे, ते कळत नाही. लेण्यांमध्ये वटवाघळांची वस्ती होती, त्यांच्या विष्ठेतून, कीटकांतून आणि बुरशीतूनही प्रथिने भिंतीवर येतात. नमुना ६ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात विघटित करून अमिनो आम्ले मोजा. हायड्रॉक्सीप्रोलीन मिळाले तर प्राण्याच्या कातड्या-हाडांचा सरस मानायला आधार आहे. अर्थात तो नंतरच्या दुरुस्तीतलाही असू शकतो, म्हणून तो कोणत्या थरात आहे हे काप पाहून ठरवायचे.

डिंकाचे तसेच. अरॅबिनोज आणि गॅलॅक्टोज दिसले की डिंक ठरवतात, पण गिलाव्यातले तूस आणि गवतही विघटनात अरॅबिनोज आणि झायलोज देतात. त्याच भिंतीचा, रंग नसलेल्या जागेचा गिलाव्याचा नमुना आणि पृष्ठभागावरची धूळ, दोन्ही समांतर तपासल्याशिवाय या आकड्यांना अर्थ नाही. हे दोन नियंत्रण नमुने वगळणे ही आमच्या मते सर्वांत महागडी चूक, कारण ती अहवाल लिहिताना लक्षात येते आणि तोवर भिंतीपासून आपण दूर असतो.

क्ष-किरण यंत्राचे ‘लोह’ जसेच्या तसे घेणे

कोणती मूलद्रव्ये आहेत ते सांगणारे, हाती धरायचे क्ष-किरण प्रतिदीप्ती यंत्र रंगाच्या पातळ थरातून आरपार पाहते. खाली लोहयुक्त माती आणि त्यामागे बेसाल्ट असल्याने लोह प्रत्येक ठिकाणी येणारच. गेरू, पिवडी, हिरवी माती आणि नुसता गिलावा यांत ते यंत्र सहज फसते. शेजारच्या उघड्या गिलाव्याचे वाचन घेऊन तुलना करा. हिरव्या मातीसाठी इन्फ्रारेडमध्ये ३६०० ते ३५३० दरम्यानची तीक्ष्ण शिखरे शोधा; तिच्यातले सेलॅडोनाइट हे खनिज तिथे ओळखू येते. दख्खनच्या बेसाल्टमधल्या पोकळ्यांत ते सापडतेच.

निळ्याचा गोंधळ उलटा. लाजवर्द या निळ्या दगडात सोडियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉन, गंधक ही हलकी मूलद्रव्ये असतात आणि सोडियम तर हवेतून यंत्रापर्यंत पोहोचतच नाही. तांबे आणि कोबाल्ट नाही, एवढाच निष्कर्ष निघतो. नीळही तशीच निसटते. लेझर टाकून मिळणाऱ्या रामन वर्णपटात ५४८ चे शिखर दिसले की लाजवर्दी निळा पक्का, पण तो नैसर्गिक की नंतरचा कृत्रिम हे त्यावरून ठरत नाही.

लेझरची शक्ती जास्त ठेवणे

पिवडीतल्या गोएथाइटला सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सिअस उष्णता मिळाली की पाणी निघून त्याचे लाल हेमाटाइट होते. जास्त शक्तीचा लेझर काही सेकंदही पडला की पिवळ्या ठिपक्याचे वाचन लाल गेरूचे येते, आणि भिंतीवर डाग राहतो तो वेगळाच. ०.१ ते ०.५ मिलिवॉटपासून सुरुवात करा, वेळ वाढवा, शक्ती नाही.

चुना दिसला म्हणून फ्रेस्को म्हणणे

कॅल्साइट पांढऱ्या हातातले असते. फ्रेस्कोत रंग ओल्या चुन्यात भिनलेला असतो, आणि काप ते स्पष्ट दाखवतो. अजिंठ्यात रंग वाळलेल्या भूमीवर बंधकाने बसवलेला आहे.

काप तयार करताना

काप घेण्यासाठी नमुना ज्या राळेत बसवतात ती सच्छिद्र गिलाव्यात झिरपते आणि तिचे शिखर बंधकाचे वाटते. राळेत बसवण्याआधी नमुन्याचे दोन भाग करा, एक कोरडाच काचेच्या कुपीत ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीतले थॅलेट (प्लास्टिक मऊ ठेवणारे रसायन) नमुन्यात उतरते, म्हणून पिशवी नको. पॉलिश पाण्याने करू नका. माती फुगते, सरस विरघळतो. बारीक कापडी घर्षकांवर, कोरडेच घासा. नमुना अर्ध्या मिलिमीटरहून मोठा लागत नाही, आणि तो आधीच गळलेल्या जागेच्या कडेवरून, पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाची लेखी परवानगी घेऊन, जागेचे छायाचित्र नोंदवूनच घ्यायचा.