बोर्ड म्हणजे मखर नव्हे: स्केटबोर्डखाली दिवे लावताना या चुका टाळा

चवथीचं मखर उतरलं, दिवाळीचा नरकासुराचा पुतळा जाळायच्या आधी त्याचे दिव्यांचे डोळे काढून घेतले, की फोंड्याच्या आमच्या घरात एलईडी स्ट्रिपची चार-पाच मीटरची गुंडाळी उरते. गेल्या दिवाळीत भाच्याने तीच स्केटबोर्डखाली चिकटवली, नऊ व्होल्टचा चौकोनी सेल जोडला आणि पणजीला कांपालच्या फुटपाथवर मिरवायला गेला. तासाभरात फोन. "मामा, स्ट्रिप मागून फरफटत येते. आणि दिवेपण गेले."

बोर्ड घरी आल्यावर उलटा करून बघितला. टेप अर्धा सुटलेला, त्याच्या चिकट बाजूवर तांबडी धूळ बसलेली, आणि पुढच्या चाकाने वायर घासून घासून आतलं तांबं उघडं पडलेलं. गंमत म्हणजे मुलाने केलं होतं ते मखरासाठी अगदी बरोबर होतं. मखर दीड दिवस, पाच दिवस एका जागी उभं असतं. बोर्ड हादरतो, वाकतो, धूळ खातो, पावसात सापडतो. त्यानंतर त्याच्या दोस्तांचेही बोर्ड माझ्याकडे आले. चुका फिरून फिरून त्याच.

सेलचा हिशोब न करणं

घरातली स्ट्रिप बहुतेक वेळा १२ व्होल्टची असते. तिच्यात तीन-तीन दिव्यांची साखळी असते आणि पांढऱ्या किंवा निळ्या दिव्याला प्रत्येकी साधारण तीन व्होल्ट लागतात. म्हणजे नऊ तिथेच संपले. चौकोनी सेल नवा असताना दिवे मिणमिणतात, जरा उतरला की गप्प. गाडीच्या रिमोटमधला बारका १२ व्होल्टचा सेल तर त्याहून फसवा. आकडा बरोबर दिसतो, पण त्यात जीव एवढा थोडा की काही मिनिटांत मान टाकतो.

हिशोब सोपा आहे. ५०५० जातीची, मीटरला ६० दिव्यांची रंगीत स्ट्रिप पूर्ण पांढऱ्यावर मीटरला सुमारे १४ वॅट खाते. बोर्डाच्या दोन्ही बाजूंना ३०-३० सेंटिमीटर लावली तर साडेआठ वॅट, म्हणजे पाऊण अँपिअरच्या आसपास. २००० एमएएचचे तीन १८६५० सेल (बोटाएवढे लिथियम सेल) एकापुढे एक जोडले तर अडीच तास आरामात मिळतात. ३५२८ जातीची एकरंगी स्ट्रिप घेतली तर खर्च जवळपास तिसऱ्या हिश्श्यावर येतो. माझं मत विचाराल तर पहिल्या बोर्डाला हीच लावा. रंग बदलणारे दिवे चार दिवस छान वाटतात, मग सगळे एकाच रंगावर ठेवतात.

लिथियमची भानगड नको असेल तर आठ पेन्सिल सेलचा होल्डर चालतो, फक्त जड होतो. पॉवर बँक वापरायची तर स्ट्रिप ५ व्होल्टची हवी. तिथेही एक खोडी आहे: दिवे फार थोडे असले की पॉवर बँकेला वाटतं काही जोडलेलंच नाही, आणि ती स्वतःच बंद होते. दिवे बिघडलेले नसतात.

कात्री कुठे लावायची

१२ व्होल्टच्या स्ट्रिपवर दर तीन दिव्यांनंतर कात्रीची खूण असते. ६० दिव्यांच्या स्ट्रिपवर म्हणजे दर पाच सेंटिमीटरला. मध्येच कापलं तर त्या तुकड्यातले दिवे लागत नाहीत. प्रत्येक दिवा वेगळा नाचवणाऱ्या ५ व्होल्टच्या स्ट्रिपवर बाण छापलेले असतात. बाणाच्या उलट दिशेने कंट्रोलर, म्हणजे दिव्यांना हुकूम देणारी डबी, जोडला तर काहीच होत नाही, आणि चुकून १२ व्होल्ट दिले तर सगळी माळ जागच्या जागी जाते.

नोज ते टेल, म्हणजे पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत, पूर्ण कड उजळायचा मोह आवरा. टेल जमिनीवर आपटायलाच बनवलेली असते. स्ट्रिप पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधल्या भागातच ठेवा. मग बोर्डावर उभे राहून दोन्ही बाजूंना पूर्ण झुका आणि कुणाला तरी खाली वाकून बघायला सांगा. चाक वळताना वायरला शिवतं का? भाच्याचं तेच झालं होतं. ट्रक, म्हणजे चाकं धरणारा आडवा भाग, धातूचा असतो. घासलेल्या दोन्ही वायरी त्याला एकदम टेकल्या की थेट शॉर्ट. म्हणून बॅटरीच्या प्लसच्या वायरवर, बॅटरीच्या अगदी जवळ, दोन अँपिअरचा फ्यूज घाला.

चिकटवताना पाठच्या टेपवर भरवसा ठेवायचा असेल तर डेक, म्हणजे बोर्डाची फळी, आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, टेप दाबून बसवा आणि एक दिवस बोर्डाला हात लावू नका. शेवटची अट कुणीच पाळत नाही. सिलिकॉनच्या नळीतली स्ट्रिप असेल तर तिच्यावर कुठलाच टेप नीट धरत नाही, तिला छोट्या क्लिपा आणि स्क्रू लागतात. डेक जेमतेम दहा-अकरा मिलिमीटरची असते, त्यामुळे स्क्रू आखूडच घ्या, नाहीतर टोक वरच्या खरखरीत ग्रिप टेपमधून वर येऊन तळपायाला भेटेल. ग्लू गनचा गोंद मखराला उत्तम. बोर्ड एप्रिलच्या दुपारी गाडीच्या डिकीत राहिला की तो मऊ पडतो.

खरा घोटाळा डागात

"सेल खराब निघाला" म्हणून आलेल्या बोर्डांपैकी बहुतेकांचे सेल ठणठणीत होते. तुटलेला असतो तो डाग, म्हणजे वायर स्ट्रिपला सोल्डर केलेली जागा. आणि नेमकं बघायचं तर डागही नाही, त्याच्या पुढचे दोन-तीन मिलिमीटर. सोल्डर पातळ होऊन वायरच्या तारांमध्ये वर चढतं आणि तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो. जिथे ताठ भाग संपून मऊ वायर सुरू होते, तिथेच प्रत्येक हादरा येऊन थांबतो. बाहेरचं प्लास्टिक शाबूत दिसतं, आत एकेक तार तुटत जाते. मग रस्ता गुळगुळीत असला की दिवे लागतात, खडबडीत आला की विझतात.

उपाय डाग जाड करण्यात नाही. आत एकच जाड तार असलेली वायर वापरू नका, बारीक तारांची मऊ घ्या. डागापासून दीड-दोन सेंटिमीटरवर वायर डेकला घट्ट बांधा, म्हणजे हादरा तिथेच अडेल. एका बाजूच्या स्ट्रिपकडून दुसरीकडे जाणारी वायर ताणून नेऊ नका, तिला थोडी ढील द्या. लाँगबोर्ड, म्हणजे लांब बोर्ड, असेल तर ढील जास्त ठेवा, कारण तो पायाखाली चांगलाच वाकतो. आणि सोल्डरिंग टाळण्यासाठी मिळणाऱ्या प्लास्टिकच्या चिमटा कनेक्टरांना बोर्डापासून दूर ठेवा. भिंतीवर ते वर्षानुवर्षं टिकतात, इथे एका संध्याकाळीत सुटतात.

मिरामारची हवा

आपल्याकडे पावसाचे चार महिने सोडले तरी समुद्राच्या खाऱ्या हवेपासून सुटका नाही. मिरामार, दोनापावलाच्या बाजूला रोज बोर्ड फिरवणाऱ्याच्या स्ट्रिपवर महिन्या-दोन महिन्यांत तांब्याला हिरवट कळंक दिसू लागतो. आयपी ६५ (धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) लिहिलेली स्ट्रिप वरून सिलिकॉनने झाकलेली असते, पण तुम्ही जिथे कापलं ते टोक उघडंच. ते सिलिकॉन सीलंटने बंद करा, फक्त नळी उघडल्यावर नाकाला लावून बघा. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर तो इथे नको. त्यातलं आम्ल तांबं खातं. न्यूट्रल लिहिलेली नळी मागा. कळंक धरलाच असेल तर जुना टूथब्रश आणि अल्कोहोलने घासून काढा आणि पुन्हा डाग द्या.

लिथियमशी मस्करी नको

१८६५० सेलवर घरच्या सोल्डरिंग आयर्नने थेट डाग देऊ नका, उष्णतेने सेल आतून बिघडतो. होल्डर वापरा किंवा बीएमएस, म्हणजे सेल सांभाळणारं सर्किट, बसवलेला तयार पॅक घ्या. तीन सेलच्या पॅकला १२.६ व्होल्टचा लिथियम चार्जरच लागतो. घरात सेट-टॉप बॉक्सचा १२ व्होल्टचा अडॅप्टर पडलाय म्हणून तो लावणारे मी पाहिलेत. पॅकची पेटी डेकच्या मधोमध, स्पीडब्रेकरला टेकणार नाही इतकी चपटी हवी. आपटून पॅक फुगला की तो संपला, पुन्हा चार्ज करायचा नाही. आणि रात्री चार्जिंगला लावून झोपू नका.

बिघाड झालाच तर आधी एवढं बघा. सलग तीनच दिवे गेले असतील तर त्या तिघांतला एक मेलाय, तेवढा पाच सेंटिमीटरचा तुकडा बदला. एका जागेपुढचं सगळंच विझलं असेल तर त्या जागेचा डाग. रंगीत स्ट्रिपचा पांढरा उजेड लालसर दिसू लागला तर बॅटरी उतरलीय: लाल दिव्याला व्होल्टेज कमी पुरतं, म्हणून तो शेवटपर्यंत टिकतो. पेन्सिल सेलचे दिवे खड्ड्यातच मिचकत असतील तर होल्डरची स्प्रिंग उडतेय, झाकणाखाली फोमचा तुकडा दाबून बसवा. रिमोट चालत नसेल तर कंट्रोलरचा रिमोटचा इशारा घेणारा डोळा डेकच्या पोटाखाली लपलाय का ते पाहा.

स्विच मात्र डेकच्या कडेला, बोर्ड उलटा न करता हात पोचेल असा ठेवा. भाच्याची मंडळी हिवाळ्यात मोरजीच्या किनाऱ्याला जातात. तिथे, तसंच आगोंद आणि गालजीबागला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात आणि पिल्लं रात्री उजेडाच्या दिशेने चालतात, एरवी तो उजेड समुद्राचा असतो. किनाऱ्याच्या रस्त्याला लागलात की दिवे बंद.