मॉर्गेजवर सही करायच्या आधी हा शब्द अन कागद दोन्ही नीट वाचा

पेरणी तोंडावर आली की कर्जाची धावपळ सुरू होते, बँकेत साहेब म्हणतात मॉर्गेज, म्हणजे जमीन गहाण, करावं लागेल अन आपण मान हलवतो. शब्द जुन्या फ्रेंचमधला आहे, मॉर्ट म्हणजे मेलेलं, गेज म्हणजे तारण. मेलेलं का, तर बाराव्या शतकातल्या इंग्लंडात तारण दोन तऱ्हेचं होतं, एकात जमिनीचं उत्पन्न सावकार घ्यायचा पण ते कर्जातून वळतं व्हायचं, ते जिवंत, अन दुसऱ्यात पीकही तोच खायचा अन मुद्दल जागच्या जागी, ते मेलेलं. पुढे एडवर्ड कोक या न्यायाधीशानं १६२८ च्या ग्रंथात वेगळंच सांगितलं, पैसे नाही फेडले तर जमीन कर्जदाराला मेली, फेडले तर तारण सावकाराला मेलं. मला पहिला अर्थ जास्त पटतो कारण आपल्याकडचं ताबेगहाण बघा, वावर सावकार वाहते, कपाशी तोच विकते, मुद्दल जिथल्या तिथं.

आता कागद. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात, कलम ५८ मध्ये, गहाणाचे सहा प्रकार आहेत. नजरगहाणात ताबा तुमच्याकडंच राहते, सातबाऱ्यावर इतर हक्कात बोजा चढते. खरा घात मुदत खरेदीत आहे. कागद खरेदीखताचा असते, अन पैसे दिले की वावर परत ही शर्त त्याच कागदात पाहिजे, दुसऱ्या स्टॅम्पवर लिहून दिली किंवा नुसती तोंडी सांगितली तर या कलमाप्रमाणे ते गहाण धरल्याच जात नाही. म्हणून गट नंबर, रक्कम, मुदत, शेवटची शर्त, सगळं घरातल्या शिकलेल्या पोराकडून मोठ्यानं वाचून घ्या, अन 'कायम खरेदी' दिसलं की सही करूच नका, समोरचा कितीही घाई करो.

कर्ज फिटलं तरी काम बाकी असते. बँकेचा निल दाखला, म्हणजे काही बाकी नाही असा कागद, घ्या, तलाठ्याकडे बोजा कमी करायचा अर्ज द्या, फेरफार मंजूर झाला की नवा सातबारा काढून तो रकाना स्वतः बघा.

अन सावकारीपायी वावर गेलंच असेल, खरेदीखत झालं असेल, तरी २०१४ च्या सावकारी कायद्याच्या कलम १८ खाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येते. चौकशीत व्यवहार सावकारीचा निघाला तर खत रद्द ठरवून जमीन परत द्यायचा अधिकार त्यांना आहे, म्हणून व्याजाच्या चिठ्ठ्या, साक्षीदारांची नावं, पैसे दिल्याचा जो काही पुरावा असेल तो अर्जाला जोडा.