४५२००१ फोडायचा कसा

पोह्यांची बशी बाजूला सारा आणि लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर आपल्या इंदूरचा पिनकोड मोठ्ठा लिहा: ४५२००१. आता याचे मूळ अवयव पाडायचे. (मला पत्रिकेचा दुसरा उपयोग सुचत नाही.)

शेवटी १ आहे, म्हणजे २ आणि ५ कटाप. अंकांची बेरीज १२, म्हणून ३ चा भाग जातो. ११ साठी एकाआड एक अंक मिळवा: ४+२+० म्हणजे ६, आणि ५+०+१ पण ६. दोन्ही पारडी सारखी, भाग जाणारच. ३३ नं भागलं की उरतात १३६९७.

खरी घासाघीस इथून. ११७ चा वर्ग १३६८९, ११८ चा १३९२४. अवयवांची जोडी असलीच तर त्यातला लहान ११७ च्या आतच सापडणार, म्हणून ११३ पर्यंतच्या मूळ संख्याच तपासायच्या, पण एकही गाळायची नाही. ८३ ला बाकी २. १०७ ला तर १०७×१२८ = १३६९६! नातवानं इथं हातचा खाल्ला आणि "आजोबा, सुटलं!" म्हणून माझ्या चहात पेन्सिल पाडली. सुटलं नव्हतं. १३६९७ मूळच आहे.

म्हणजे ४५२००१ = ३×११×१३६९७. प्रत्येक अवयव घ्या किंवा सोडा, म्हणून विभाजक २×२×२ = ८. त्यांची बेरीज प्रत्येक अवयवात १ मिळवून गुणाकार केला की मिळते: ४×१२×१३६९८ = ६५७५०४. त्यातून खुद्द आकडा वजा केला की २०५५०३. २८ चे स्वतःखेरीजचे विभाजक मिळवले तर बरोबर २८ येतात. आमचं इंदूर निम्म्यालाही पोचत नाही. नातवाला हे अजून पटलेलं नाही.