खिडकीच्या उजेडात बाळाचे फोटो: आधी हिरवी नेट काढा

नागपुरात उन्हाळा लागला की गॅलरीवर हिरवी नेट चढते. तिच्यातून येणारा उजेड बाळाच्या नाजूक त्वचेवर हिरवट झाक आणतो आणि ती नंतर एडिटिंगमध्ये नीट निघत नाही. फोटोपुरती नेट बाजूला करा, नाहीतर दुसरी खोली निवडा. गडद रंगाच्या भिंतीजवळही हीच अडचण येते.

उत्तरेची खिडकी सर्वात चांगली. मात्र मे-जूनमध्ये सकाळी लवकर आणि सायंकाळी तिच्यातूनही थेट ऊन येतं. तेव्हा पातळ पांढरा सुती पडदा लावा. ट्यूबलाइट, बल्ब बंदच ठेवा, नाहीतर चेहऱ्याचा अर्धा भाग पिवळा, अर्धा निळसर दिसतो.

बाळाला खिडकीपासून दोन-तीन फुटांवर गादीवर पाठीवर निजवा, डोकं खिडकीकडे थोडं तिरपं. उजेड कपाळाकडून हनुवटीकडे उतरला पाहिजे. पाय खिडकीकडे असले तर तो खालून नाकपुड्यांवर पडतो आणि चेहरा विचित्र दिसतो. ही चूक फार होते. सावलीच्या बाजूला पांढरं थर्माकोल उभं करा, म्हणजे उजेड उलटून चेहऱ्यावर येतो.

कॅमेऱ्याच्या शटरचा वेग १/२०० सेकंदाच्या आसपास, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता; ती वाढवली की फोटो दाणेदार होतो) ८०० ते १६००. हातपाय सतत हलतात, म्हणून थोडा दाणेदार फोटो चालेल, हललेला नको. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट दाबून फोकस लॉक करा, स्क्रीनवरच उजेड किंचित कमी करा.

कूलरचा झोत बाळावर येऊ देऊ नका. गरोदर आईसाठी हीच खिडकी वापरा: तिला खिडकी एका खांद्याच्या बाजूला येईल असं उभं करा, म्हणजे पोटाची गोलाई बाजूच्या उजेडात उठून दिसते.