डोळ्यांखालचा काळेपणा: आधी प्रकार ओळखा, मग ट्यूब घ्या

डोळ्यांखालची कातडी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची असते. तिच्याखाली चरबी फार कमी, बारीक रक्तवाहिन्या मात्र भरपूर. त्यामुळे काळेपणा तीन वाटांनी येतो: कातडीत रंगद्रव्य वाढतं, पातळ कातडीतून रक्तवाहिन्या दिसतात, किंवा डोळ्याखाली खळगा होऊन त्याची सावली पडते. बऱ्याच जणांत यातले दोन प्रकार एकत्र असतात. एका प्रकारावरचं क्रीम दुसऱ्यावर काही करत नाही, म्हणून खर्चाआधी पाच मिनिटं आरशासमोर द्या.

सकाळी काजळ पूर्ण पुसून, तोंड धुऊन, खिडकीकडे तोंड करून उभे राहा. वरची ट्यूबलाइट बंद ठेवा. वरून पडणाऱ्या उजेडात कुणाच्याही डोळ्यांखाली सावली दिसते. आता खालच्या पापणीची कातडी बोटाने हलकेच ताणा. तपकिरी रंग तसाच राहिला तर रंगद्रव्य. निळसर-जांभळट रंग ताणल्यावर आणखी उठून दिसला तर रक्तवाहिन्या. समोरून उजेड पडताच काळेपणा बराचसा गेला, तर तो खळगा आहे.

तपकिरी रंग असेल तर

आपल्याकडे हा प्रकार फार आढळतो आणि पुष्कळदा तो घराण्यातूनच येतो. आईचे, मावशीचे डोळे पाहा. पण तो वाढवणारं मोठं कारण म्हणजे डोळे चोळणं. रोज चोळलं की कातडीला बारीक सूज राहते, आणि गव्हाळ-सावळी कातडी प्रत्येक सुजेनंतर काळपट डाग ठेवते. गुऱ्हाळाची चुलवाणं पेटली की चिपाडांचा धूर, कोल्हापूरजवळच्या शिरोली-गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत मोल्डिंगच्या वाळूची धूळ, वर्षभर रस्त्यावरची माती. डोळे खाजायला कारणं भरपूर. अशा कामावर असाल तर डोळ्यांना बाजूनेही झाकणारा सेफ्टी चष्मा लावा, दुचाकीवर हेल्मेटची काच खाली ठेवा. घरी आल्यावर आधी हात धुवा, मग डोळे मिटून तोंडावर साध्या पाण्याचे हबके मारा. खाज सुटली तर गार पाण्यात पिळलेला स्वच्छ रुमाल दहा मिनिटं डोळ्यांवर ठेवा. खाज रोजचीच असेल, सोबत शिंका आणि नाक गळणं असेल, तर ती बहुधा अ‍ॅलर्जी आहे. तिच्यावर उपचार झाल्याशिवाय कुठलंही क्रीम टिकणार नाही.

काजळ, केसांचा डाय, नवीन क्रीम यांच्यामुळेही अशी सूज येते. शंका असेल ती वस्तू महिनाभर बंद करून फरक बघा. सुरमा तर नकोच, त्यात शिसं असू शकतं.

मग सनस्क्रीन. हे सोडून बाकी सगळं लावणं म्हणजे गळक्या बादलीत पाणी भरणं. एसपीएफ ३० किंवा जास्त, झिंक ऑक्साइड असलेलं घ्या, ते डोळ्यांना कमी झोंबतं. रंगीत मिळालं तर आणखी चांगलं. त्यातलं आयर्न ऑक्साइड दिसणारा प्रकाशही अडवतं. निघण्याआधी पंधरा मिनिटं लावा, उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा.

रात्री ४ ते ५ टक्के निआसिनमाइड (जीवनसत्त्व बी३चा एक प्रकार) असलेलं क्रीम, दोन्ही डोळ्यांना मिळून मुगाच्या दाण्याएवढं. अनामिकेने, खालच्या हाडाच्या कडेवर टिपत लावा. पापणीच्या केसांपर्यंत नेऊ नका; क्रीम रात्रीत वर सरकतं आणि डोळे लाल होतात. आधी पाच-सात दिवस कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहा. सहा आठवडे काही त्रास झाला नाही, तर आठवड्यातून दोन रात्री ०.१ टक्के रेटिनॉल (जीवनसत्त्व अ-चा एक प्रकार) चालेल. गरोदर असाल किंवा मूल हवं असेल, तर रेटिनॉल पूर्ण टाळा. आग, सालपटं, लाली दिसली की थांबा, कारण त्या जळजळीतूनच नवा काळेपणा येतो. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात.

लिंबू, खायचा सोडा, टूथपेस्ट डोळ्यांजवळ नेऊ नका. बटाट्या-काकडीच्या कापांनी गारव्यामुळे सूज थोडी उतरते, रंग जात नाही.

निळसर रंग आणि खळगा

निळसर प्रकारात जागरण आणि रक्ताची कमतरता आधी पाहा. चेहरा फिका पडला की खालच्या शिरा उठून दिसतात. हिमोग्लोबिन बाईचं १२ आणि पुरुषाचं १३ च्या खाली असेल, तर नुसत्या बीट-खजुरावर भागणार नाही. कारण शोधून डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या घ्या. जेवणाला लागून चहा घेऊ नका, तासभर मध्ये जाऊ द्या. त्यापेक्षा पानात लिंबाची फोड घ्या. रात्री तांबडा रस्सा भरपूर झाला की मिठामुळे सकाळी डोळ्यांखाली फुगतं. उशी थोडी उंच घ्या. कॅफिन असलेलं जेल हा फुगवटा काही तासांपुरता उतरवतं.

खळग्यावर क्रीमचा उपयोग जवळजवळ नाही. फिलर, म्हणजे खळगा भरणारं इंजेक्शन, हा उपाय आहे, पण ते रक्तवाहिनीत गेलं तर दृष्टी जाण्यापर्यंतचा धोका असतो. तो पार्लरमध्ये कधीही करून घेऊ नका. लेझर आणि पीलही (रसायनाने कातडीचा वरचा थर काढणं) आपल्या कातडीवर जपूनच करावे लागतात. जोर जास्त झाला तर डाग गडद होतो.

डॉक्टरांकडे कधी

मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या 'गोरं करणाऱ्या' ट्यूबवर मोमेटासोन, बीटामेथासोन किंवा क्लोबेटासॉल लिहिलेलं असेल, तर ते स्टेरॉइड आहे. पहिले काही आठवडे छान वाटतं, मग कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात. डोळ्यांजवळ दीर्घकाळ वापरल्यास काचबिंदू-मोतीबिंदूचा धोका असतो. बरेच दिवस लावत असाल, तर ती कशी बंद करायची हे त्वचारोगतज्ज्ञांना विचारा. काचबिंदूचे काही थेंबही पापण्या काळ्या करतात. ते मात्र स्वतःहून बंद करू नका, डोळ्यांच्या डॉक्टरांशी बोला.

मानही काळी, मखमली झाली असेल तर रक्तातली साखर तपासा. एकाच डोळ्याखाली अचानक काळं झालं, किंवा सकाळी चेहरा सुजून लघवीला फेस येत असेल, तर त्याच आठवड्यात दाखवा. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात जा किंवा खासगी दवाखान्यात, आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब, काजळ आणि थेंबांच्या बाटल्या पिशवीत घालून सोबत न्या.