कॉर्डलेस ड्रिलने भोक पडत नाही? जोर लावण्याआधी या चुका टाळा

भिंतीवर बिट टेकवलं, ट्रिगर दाबला, चिमूटभर पांढरी पूड गळली आणि मग बिट जागच्या जागी फिरत राहिलं. अशा वेळी बरेच जण ड्रिलवर अंगाचा भार टाकतात. तसं करू नका. बहुतेक वेळा ताकद कमी पडलेली नसते. दिशा, मोड किंवा बिट चुकलेलं असतं.

आधी दिशा बघा. ट्रिगरच्या वरचं आडवं बटण स्क्रू काढताना उलटं केलेलं असतं आणि ते तसंच राहून जातं. उलटं फिरणारं बिट कापत नाही, घासतं. लाकडातून जळका वास येतो, लोखंडावर नुसता चकचकीत डाग पडतो आणि तेवढ्यात बिटाची धारही जाते. हेच बटण मधोमध ठेवलं की ट्रिगर लॉक होतो. बिट बदलताना एवढं तरी कराच. बॅटरी काढून ठेवली तर सगळ्यात चांगलं.

मग चकाच्या, म्हणजे बिट धरणाऱ्या तोंडाच्या, मागची कडी. तिच्यावरचे आकडे स्क्रूसाठी, बिटाचं चित्र लाकूड आणि धातूसाठी, हातोडीचं चित्र भिंतीसाठी. कडी आकड्यावर असताना भोक पाडायला गेलात तर कट-कट-कट आवाज येतो आणि बिट थांबतं. ड्रिल बिघडलेलं नाही, क्लच (ठरावीक जोरापुढे फिरणं थांबवणारा भाग) सुटतोय. स्क्रू लावताना मात्र हाच क्लच उपयोगी. ४-५ वर सुरुवात करा आणि स्क्रूचं डोकं पृष्ठभागाला बसेपर्यंत एकेक आकडा वाढवत जा. स्क्रूसाठी गिअर १ (वेग कमी, जोर जास्त), लहान भोकांसाठी गिअर २ (वेग जास्त). गिअर बदलताना ड्रिल पूर्ण थांबलेलं हवं, नाहीतर आतले दाते खराब होतात.

भिंतीचं काम करताना पुडीचा रंग बघत राहा, भिंत कशाची आहे ते तीच सांगते. सुरुवातीची राखाडी पूड प्लास्टरची. आतून लाल पूड आली तर वीट: हातोडी मोड आणि कार्बाइड टोकाचं भिंतीचं बिट पुरेसं. मऊ, पांढरट पूड भराभर आली तर नव्या इमारतींतला हलका, सच्छिद्र एएसी ब्लॉक आहे. तिथे हातोडी मोड बंद करा, नाहीतर भोक मोठं होऊन गिट्टी (स्क्रू धरून ठेवणारा प्लग) सैल बसते. पूड राखाडीच राहिली आणि बिट पुढे सरकेना, तर समोर काँक्रीटचा कॉलम किंवा बीम आहे. कॉर्डलेस ड्रिलच्या हातोडी मोडमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घसरून बारीक ठोके देतात. विटेला ते ठोके पुरतात. काँक्रीटमध्ये एखाद-दुसरं ६ मिमीचं भोक कसंबसं पडतं. जास्त भोकं असतील तर पिस्टनने ठोके देणारं एसडीएस रोटरी हॅमर भाड्याने आणा. काँक्रीटमध्ये बिट अचानक अडलं आणि टणक धातूचा आवाज आला, तर सळई लागली आहे. तिथे रेटलंत तर बिटाचं टोक तापून निखळतं, शिवाय कॉलमची सळई कापणं चुकीचंच. भोक थोडं बाजूला घ्या.

गिट्टी निघून येते, त्यामागे बहुधा दोन कारणं असतात. एक म्हणजे मापाचा गोंधळ: ६ मिमीच्या गिट्टीला ६ मिमीचंच बिट, ८ ला ८. दुसरं म्हणजे खोली. आतलं प्लास्टर साधारण १२ ते १५ मिमी असतं. गिट्टी त्यातच संपली तर शेल्फच्या वजनाने प्लास्टरसकट उचकटते. गिट्टीच्या लांबीपेक्षा १० मिमी जास्त खोल जा. बिटावर तेवढ्या अंतरावर चिकटपट्टी गुंडाळली की अंदाज चुकत नाही. भोकातली पूड फुंकणीने काढा, तोंडाने फुंकलीत तर ती थेट डोळ्यांत जाते.

टाइलवर हातोडी मोड कधीच नको, तडा जातो. खुणेवर मास्किंग टेप लावा, साध्या सिरॅमिक टाइलला भाल्याच्या टोकाचं बिट घ्या, व्हिट्रिफाइडला डायमंड बिट. वेग कमी ठेवा, थेंब थेंब पाणी सोडत राहा.

लोखंडात नेहमीची चूक म्हणजे वेग फार. साध्या लोखंडात एचएसएस (हाय-स्पीड स्टील) बिट ६ मिमीचं असेल तर मिनिटाला सुमारे १३०० फेरे, १० मिमीचं असेल तर ८००. स्टेनलेसला त्याच्याही निम्मे. आधी पंचने खूण ठोका, मग ३ मिमीचं भोक, मग मोठं. तेलाचे दोन थेंब टाका. कीस लांब, वळलेला येत असेल तर वेग आणि दाब जमले आहेत.

बिट आरपार निघतानाचा क्षण सर्वात धोक्याचा. ते कडेत अडकतं आणि ड्रिलच मनगटासकट फिरतं. शेवटच्या २-३ मिमीला दाब कमी करा, बाजूचा दांडा असेल तर तो लावा, पत्र्याचा तुकडा हातात न धरता शिकंज्यात पकडा. सैल हातमोजे, ओढणी, लोंबणाऱ्या बाह्या नकोत. चष्मा हवाच, आणि भिंतीसाठी धुळीचा मास्कही, कारण काँक्रीटची बारीक धूळ फुप्फुसात साठून राहते.

स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली आणि नळ किंवा गिझरच्या रेषेत भोक पाडू नका. वायर आणि पाइप बहुधा तिथूनच गेलेले असतात. शंका असेल तर त्या खोलीचा एमसीबी पाडून मगच ट्रिगर दाबा. कॉर्डलेस ड्रिलला भिंतीतली वीज लागतच नाही.

'२० व्होल्ट'वाली बॅटरी जास्त ताकदीची, हा एक गैरसमज: १८ व्होल्ट आणि '२० व्होल्ट मॅक्स' हे साधारण एकच. दोन्हींत पाच लिथियम सेल. एक आकडा सरासरीचा, दुसरा पूर्ण चार्जचा. काम संपल्यावर गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका, हाताला गार लागू द्या. उन्हात उभ्या गाडीत ती ठेवू नका. महिनाभर ड्रिल लागणार नसेल तर बॅटरी अर्धी चार्ज करून, ड्रिलमधून काढून ठेवा.