‘क्यू’खाली सापडलेला केशव

गोवा विद्यापीठात इतिहासाच्या एम.ए.ला प्रवेश घेतला तेव्हा डिचोलीच्या आमच्या घरात एकच प्रश्न होता, "पुढे काय, मास्तरीण होणार?" उत्तर मलाही ठाऊक नव्हतं. सनावळ्या पाठ म्हणजे इतिहास आला, एवढीच माझी समजूत. १५१०ला पोर्तुगीज आले, १९६१ला गेले, १९६७चा जनमत कौल, १९८७चं घटक राज्य. पहिल्याच सत्रात हे भांडवल संपलं.

कारण वर्गात विचारायचे ते भलतंच : हा कागद कोणी केला, कशासाठी? दक्षिण गोव्यातल्या साष्टीतली देवळं १५६७ मध्ये पाडली गेली. पण त्यांच्या जमिनींचं उत्पन्न सोडायचं नव्हतं, म्हणून कुठल्या देवाची कुठली शेतं याच्या याद्या झाल्या. त्यांना फोराल म्हणतात. म्हणजे देवळं मोडणाऱ्या राजवटीच्याच हिशेबातून आज त्या देवळांची नावं कळतात! लोकांना काय वाटलं, हे मात्र त्या यादीला विचारून उपयोग नाही. हे लक्षात आलं त्या दिवशी मला हा विषय खऱ्या अर्थाने लागला.

प्रबंधिकेसाठी पणजीच्या पुराभिलेखागारात बसले. जमिनीच्या एका तंट्यातला केशव नावाचा माणूस हवा होता. दोन दिवस सूचीत ‘के’खाली शोधलं, पत्ता नाही. शेजारच्या टेबलावरचे एक वयस्क गृहस्थ शेवटी म्हणाले, "बाय, तेन्नाच्या पोर्तुगेजींत ‘के’ खंय आशिल्लो?" केशव ‘क्यू’खाली होता. शंकर बघायचा तर ‘एक्स’खाली, कारण आपला ‘श’ ते तसा लिहीत.

तेव्हा नव्याने येणाऱ्यांना माझं सांगणं : पोर्तुगीज पहिल्या वर्षीच सुरू करा. पेडणे, सत्तरी, फोंडा अशा नव्या काबिजादींवर, म्हणजे पोर्तुगिजांनी मागाहून घेतलेल्या मुलखावर, काम करायचं असेल तर मोडीही. दोन्ही रडवतात, मोडी जरा कमी. आणि टिपण काढतानाच दप्तराचा क्रमांक नि पानाचा आकडा लिहा. मी एक सुरेख नोंद नुसतीच उतरवून आणली होती. मार्गदर्शकांनी ती पानासकट काढून टाकायला लावली. तेव्हा राग आला, आज येत नाही.

नेट-सेट, प्राध्यापकी, स्पर्धा परीक्षा हे रस्ते सगळ्यांना माहीत आहेत. मी म्हापशात एका वकिलांकडे जुने दस्त वाचायचं काम करते. एक-चौदाच्या उताऱ्यावर (हा गोव्यातला सातबारा) नाव एक, पोर्तुगीज काळच्या कागदावर दुसरं, माणूस तोच का? गेल्या आठवड्यात तिघे भाऊ कागदांची पिशवी घेऊन आले. आजोबांचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हेचं. "यांतलं खरं कुठलं?" थोरल्याने विचारलं. मी तिन्ही कागद उलटे करून आधी खालच्या सह्या बघायला लागले.